शनिवारचा दहावा

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सुरुवातीला वाटायचं, की माझ्या नातलगांत माणसं फार मरतात.

दोष त्यांचा नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी मी ऐरोलीतल्या आमच्या बिल्डिंगखाली फेऱ्या मारत असताना फोन यायचा. ऐकायला कमी येऊ लागल्यापासून मी फोन स्पीकरवर ठेवतो, त्यामुळे बाकावर बसलेल्या मंडळींना तो माझ्या आधी ऐकू जातो. पलीकडून आवाज यायचा, "साहेब, उद्याचा दहावा ध्यानात हाय ना?" मी म्हणायचो, "येतो." बाकावरचे सगळे गप्प व्हायचे. सेक्रेटरी साताऱ्याकडचे, माणुसकीचे. पहिल्या वेळी त्यांनी चेहरा पाडून विचारलं, "जवळचं कोण होतं का, साहेब?" पुढच्या शुक्रवारी परत तेच. तिसऱ्या आठवड्यात ते पत्नीला घेऊन थेट वर आले, हातात पिठलं-भाताचा डबा. सुतकाच्या घरी चूल पेटत नसणार असा त्यांचा हिशेब. मी आधी पिठलं खाल्लं आणि मग खुलासा केला. उलटं केलं असतं तर डबा परत गेला असता.

खुलासा असा. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा मराठी ज्यू. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर पुस्तक उघडता येतं, पण मुख्य प्रार्थना म्हणता येत नाहीत. गेलेल्या माणसांसाठीची तर नाहीच नाही. मोरा बंदराच्या वाटेवर एका जुन्या गावाच्या टोकाला आमचं छोटंसं प्रार्थनालय आहे. आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणतात, त्यावरून सोसायटीत आणखी एक वेगळा गोंधळ झाला होता, तो जाऊ दे. समाजातले बहुतेक लोक इस्राएलला निघून गेले. तिथे नऊ जण उरले. अशा वेळी मी राजदूतपदावरून निवृत्त होऊन, बायको गेल्यानंतर एकटाच, नवी मुंबईत राहायला आलो. म्हणून मी दहावा.

सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कोरम," ते म्हणाले. "आपल्या एजीएमला पण हाच त्रास आहे. पण आमच्यात अर्धा तास थांबलं की तीच मीटिंग कोरमशिवाय घेता येते. तुमच्यात तशी काय सोय नाय?"

नाही म्हणालो, आणि दोघंही हसलो. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला कितीतरी दिवसांनी मिळालं.

दहावा असणं सुरुवातीला बरं वाटलं, हे कबूल करतो. निवृत्त राजदूताला कोणी विचारत नाही. काल ज्याच्या गाडीवर झेंडा होता, तो आज पार्किंगच्या रांगेत आपला नंबर शोधत असतो. अशा वेळी दर आठवड्याला कोणीतरी फोन करून म्हणतं, की तुम्ही नसाल तर आमचं अडतं. पण दहाव्याला सर्दी होता कामा नये. दहाव्याला लग्नाला जाता येत नाही, कंटाळा आला असं म्हणता येत नाही. शनिवारी गाडी चालवू नये असं शास्त्र सांगतं; मी ऐरोलीहून चालत गेलो असतो तर रविवारी पोचलो असतो, म्हणून आमच्या हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी, त्या बाबतीत डोळे मिटले होते. पण येण्याच्या बाबतीत त्यांचे डोळे टक्क उघडे असत. माणसं थेट मोजू नयेत अशी आमच्यात रीत आहे. दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणत ते एकेका माणसाकडे बोट न करता बघायचे, एक शब्द एका माणसाचा. मी लांबून येणारा, त्यामुळे शेवटचा शब्द कायम माझ्यावर पडायचा. तो शब्द म्हणताना त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसायचा, आणि माझा त्याच भांड्यात अडकल्यासारखा वाटायचा.

मला खरं तर मुलीकडे जायचं होतं. माझी एकुलती एक मुलगी एका थंड देशात असते. ती सहा शाळांत शिकली, कारण मी सहा देशांत होतो, आणि या सहांपैकी एकाही शाळेच्या गॅदरिंगला मी वेळेवर पोचलो नाही. आता तिने माझ्यासाठी एक खोली तयार केली होती. भिंतीला मराठी कॅलेंडर लावलं होतं, ते मला व्हिडिओवर दाखवलं. कायमचं राहायला जायचे माझे कागदही तिने खटपट करून मिळवले. त्यात एक मुदत होती. त्या मुदतीच्या आत देशात दाखल झालो नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या वयाला "पुन्हा पहिल्यापासून" या शब्दांना फारसा अर्थ नसतो. आयुष्यभर लोकांच्या व्हिसाच्या अर्जांवर शेरे मारणारा मी, स्वतःच्या पासपोर्टातल्या एका शिक्क्याकडे दिवसातून दोनदा बघत होतो.

तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. हज्जान कधी जबरदस्ती करत नसत. ते फक्त म्हणायचे, "जावा की साहेब. पोरीकडं कोन नको म्हनल? एवढे मोठे सण होवद्या, मग जावा." दुसऱ्या वेळी सण नव्हते, तर कोणाच्यातरी वडिलांचा वर्षदिन होता. "नऊ जनांनी त्याच्या बापाचं नाव कसं घ्यायचं?" बोलणं एवढं साधं, की वाटाघाटीला जागाच नाही. मी मुरलेला मुत्सद्दी, आणि मला या वृद्धाने, जो आयुष्यात मुंबईच्या पलीकडे गेला नाही, दोनदा चीत केलं.

मुलगी दुसऱ्या वेळी चिडली नाही, हेच वाईट होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कुणाच्यातरी वतीने होतात. देशाच्या वतीने, सरकारच्या वतीने. आता त्या नऊ जणांच्या वतीने. एकदा स्वतःच्या वतीने या ना."

ती चुकीचं काही बोलली नव्हती.

आमच्या गावात दोन तेलाचे घाणे होते, समोरासमोर. एक आमचा. आम्हांला त्या भागात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचा बैल मोकळा असायचा. समोरचे हिंदू, ते सोमवार तेली. महादेवाचा वार म्हणून सोमवारी त्यांचा घाणा बंद. शनिवारी आमच्या दारात गिऱ्हाईक आलं, की आई ओट्यावरूनच समोर हात करायची. सोमवारी तिकडून हात व्हायचा. आडनाव आमचं आणि त्यांचं एकच, गावाच्या नावाला "कर" लावून केलेलं. पोस्टमन पत्रं वाराप्रमाणे टाकत नाही, त्यामुळे ती अदलाबदल होऊन यायची आणि दोन्ही घरांत वाचली जायची. मी शाळेसाठी लवकर मुंबईला गेलो आणि गाव मागे पडलं ते पडलंच.

पुढे परीक्षा देऊन मी परराष्ट्र सेवेत आलो. मुलाखतीत एकाने विचारलं, "तुम्ही ज्यू? पण बोलता तर अगदी मराठी माणसासारखं." मी म्हणालो, "हो, सवय आहे." ते हसले नाहीत. अशा ठिकाणी हसायचं असतं ते आपण, हे मी तिथून पुढे शिकलो.

मी काही वाईट नोकरी केली नाही. पण एक गोष्ट माझ्यामागे लागली ती शेवटपर्यंत. परदेशात भाषण असलं, की दिल्लीहून येणाऱ्या मसुद्यात एक परिच्छेद असायचा. आमच्या देशात ज्यू लोक शतकानुशतकं राहिले, त्यांना कधी कोणी त्रास दिला नाही, आणि याचा जिवंत पुरावा आज आपल्यासमोर उभा आहे, असा त्याचा मथितार्थ. इथे मी थोडं थांबायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यामुळेच तर त्यातून सुटता येईना. खोटं असतं तर मी नकार दिला असता, निदान कुरकुर केली असती. इतरांना बढती उशिरा मिळाली की ते भांडायचे. घर गळकं मिळालं की पत्र लिहायचे. मी नाही लिहिलं. मी पुरावा होतो, आणि पुराव्याने तक्रार करायची नसते. माझे चुलते, मावशा जिथे राहायला गेले, त्या देशात मला कधी पाठवलं नाही. का, ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुराव्यात खोट निघाली असती.

राजदूत झालो तेव्हा आईने नवस फेडला. आमच्यात मलीदा करतात, गोड पोह्यांची परात, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. मी परदेशात, आणि माझ्या नावाची परात गावात. राजदूताचं पहिलं काम असतं तिथल्या राष्ट्राध्यक्षांना आपली अधिकारपत्रं सादर करणं. हा माणूस खरंच आमचा आहे, याच्या बोलण्यावर विश्वास ठेवा, असं आपल्या राष्ट्रपतींनी लिहून दिलेलं पत्र. बंदगळा घालून मी ते पत्र दोन्ही हातांनी दिलं. मनात आलं, चांगलं आहे, मी कोण ते एकदा कोणीतरी लेखी दिलं.

आई गेली तेव्हाही मी बाहेरच होतो. आमच्यात त्याच दिवशी माती देतात, पोचणं शक्य नव्हतं. त्या संध्याकाळी दूतावासात राष्ट्रीय दिनाची मेजवानी होती, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली. मी सूट घातला, उभा राहिलो आणि तो परिच्छेद म्हटला. थोडं थांबलो. टाळ्या झाल्या. नंतर गावाहून फोनवर कळलं, की आईच्या वेळी दहा जण होते, प्रार्थना नीट झाली. मला एवढं हायसं वाटलं, की ते दहा कोण, हे मी विचारलंच नाही. मुलगा नव्हता, पण दहा होते. त्या भरवशावर मी कितीतरी वर्षं झोपलो.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आमच्या नवांपैकी एक आबा. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान, वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर मापाडी, म्हणजे आलेला माल काट्यावर तोलणारे. खांदे रुंद, आवाज बारीक. आडनाव माझंच, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी विचारलं, "म्हणजे आपण भाऊबंदच की." ते म्हणाले, "हां दादा, तसंच काय ते." मला साहेब न म्हणणारा तिथला तो एकटाच माणूस. नाव आबाच का, असा प्रश्न मला पडला नाही. आमच्यात अब्राहमचा आबाजी होतो, मुसाचा मुसाजी. लहानपणापासून ऐकलेलं.

प्रत्येक शनिवारी हा माणूस बाजारात खाडा करून यायचा. माझ्या मनात यायचं, बघ, ह्याला म्हणतात श्रद्धा. तू झेंडा लावलेल्या गाडीतून फिरलास आणि शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, फाइली वाचल्यास, आणि हा कांद्याच्या गोणी तोलणारा एक शनिवार चुकवत नाही. त्याचे ओठ हलायचे, आवाज येत नसे. पण हिब्रूच्या बाबतीत आमच्यापैकी निम्म्यांची तीच गत. आत येताना तो उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा. कोकणातली सवय, मी म्हणालो. प्रार्थना संपली की पंखे बंद करायचं, पुस्तकं कपाटात ठेवायचं आणि कुलूप लावायचं काम त्याचं. जाताना न चुकता मला विचारायचा, "दादा, पोरीकडं कवा जानार?" मी म्हणायचो, "तुम्ही सोडाल तेव्हा." तो मान खाली घालायचा. एकदा म्हणाला, "दादा, तुमी जावा. तुमचं काय अडनार नाय." मला राग आला. एवढ्या लांबून दर आठवड्याला येतो, दोनदा तिकीट फाडतो, आणि हा म्हणतो अडणार नाही! त्या दिवशी मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

तिसरं तिकीट काढलं ते मी कोणाला न सांगता. गुरुवारचं होतं, मुदत त्यानंतर दोन दिवसांत संपत होती. त्याच्या दोन आठवडे आधीच्या शुक्रवारी हज्जानांचा फोन आला तेव्हा मी अंगात ताप आहे म्हणालो. धडधडीत खोटं. मला दाराशी उभं राहून त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. "आराम करा साहेब," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणखी काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं असं मला वाटलं, पण मी घाईत होतो.

पुढच्या शुक्रवारी फोन आलाच नाही. संध्याकाळभर मी बिल्डिंगखाली चकरा मारल्या. सुटलो, असं म्हणायला हवं होतं. मी फोनची रेंज तपासत होतो. शेवटी वाजला, तर अनोळखी नंबर. आबांचा मुलगा.

"काका, बाबा गेले. रविवारी. हार्टचं होतं. आठवडाभर ॲडमिट होते. तुमचा नंबर आज भेटला. दहाव्याला याल ना? मंगळवारी हाय."

मला नीट समजेना. मी म्हणालो, "दहावा शनिवारी असतो."

मग तो मुलगा, अगदी समजुतीने, जसं म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "नाय काका. रविवारी गेले ना, मंगळवारीच येतो दहावा दिवस. खाडीवर करतोय. भटजी सकाळी लवकर या बोललेत."

भटजी. फोन स्पीकरवरच होता. बाकावरून सेक्रेटरी उठून माझ्याजवळ आले. "साहेब," ते हळूच म्हणाले, "या वेळी खरंच आहे का?"

मी बाकावर बसलो. डोक्यात एकेक चाक फिरायला लागलं. एकच आडनाव. दादा, तसंच काय ते. उंबऱ्याचा नमस्कार. हलणारे ओठ. समोरचा घाणा. हा सोमवार तेल्यांच्या घरातला मुलगा होता. मी घर सोडलं तेव्हा तो समोरच्या अंगणात रांगत असेल. म्हणजे आम्ही दहा नव्हतोच. माझ्यासकट नऊ होतो, पहिल्या दिवसापासून. मी दहावा नव्हतो. मी नववा होतो.

राग म्हणजे काय, ते त्या रात्रीने मला दाखवलं. मी असलो काय नि नसलो काय, ती प्रार्थना शास्त्राने एकदाही पुरी झाली नव्हती. जिला कुलूपच नव्हतं अशा खोलीत मी इतकी वर्षं बसून राहिलो. दोन तिकिटं. मुलीचा तो न चिडलेला आवाज. हे सगळं कशासाठी? ज्याच्याकडे अधिकारपत्रच नाही अशा एका माणसासाठी. आणि आयुष्यभर लोकांची कागदपत्रं तपासलेल्या मला, त्याचं आडनाव पाहून दुसरा प्रश्न सुचला नाही.

मंगळवारी सेक्रेटरींनी स्वतःच्या गाडीतून मला नेलं. "तुम्हांला त्यातलं माहिती नसणार," म्हणाले. खाडीकाठी तीस-चाळीस माणसं होती. बाजारातले काही मापाडी, घरातल्या बायका, मुंडन केलेला मुलगा. आणि एका बाजूला, डोक्यावर टोप्या, आमचे आठही जण ओळीने उभे. हज्जान काठीवर. मी थेट त्यांच्याकडे गेलो. तोंडावर ताबा ठेवण्याची कला मला येते असं मला वाटत होतं.

"तुम्हांला माहीत होतं," मी म्हणालो.

"सगल्यांना म्हाईत होतं, साहेब. तुमी सोडून."

"आणि तरी तुम्ही त्याला मोजलंत?"

"मी मानसं मोजत नाय. मी शब्द म्हनतो. दहा शब्द पुरे झाले, की मी फुडं जातो."

एरवी या वाक्यावर मी खूश झालो असतो. मोठमोठ्या करारांत मी याहून पातळ पळवाटा पाहिल्या आहेत. पण त्या दिवशी मी म्हणालो, "मला का सांगितलं नाहीत? मी मुलीकडे गेलो असतो. माझी मुलगी दोन वर्षं वाट बघतेय!"

ते माझ्याकडे न बघता खाडीकडे बघत म्हणाले, "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी कागद मागितला असता. आनि आबाचा हात धरून बाहेर काढायची माजी छाती नव्हती. साहेब, तुमची आई गेली ना, तवा आमी आमच्या मशिदीतनं तुमच्या गावी गेलो, तरी नऊच भरलो. तुमी येऊ शकत नव्हता. संध्याकाल व्हायला लागली, माती थांबलेली. दारात हा उभा होता, चपला काढून. म्हनाला, काकीचा पोरगा लांब हाय, त्याच्या जागंवर मी उभा राहू का? शनवारी आपलं गिऱ्हाईक ती आमच्याकडं धाडायची, म्हनाला, आज मी तिचं करतो. मी दहावा शब्द त्याच्यावर म्हटला. तेवापासून तो येतोय. मी त्याला एकदा बोललो, आता नाय आलास तरी चालंल. म्हनाला, दादा परत आले, की जागा त्यांना देतो. मग तुमी आलात. पन तवर आनखी एक जन कमी झालेला. मग कोनाची जागा कोनाला द्यायची?"

त्या मेजवानीत मी थांबलो होतो आणि टाळ्या वाजल्या होत्या, त्याच वेळी, किंवा जवळपास त्याच वेळी, कांदे तोलणारा एक माणूस माझ्या आईच्या मातीपाशी माझ्या जागी उभा होता, एका अक्षराचाही अर्थ न कळता ओठ हलवत. तुमचं काय अडणार नाही, असं तो मला सांगत होता आणि मी त्याच्यावर रागावलो होतो. मला फार लाज वाटली. राग गेला असं नाही. तो कुठे ठेवायचा तेच कळेना.

तिकडे विधी शेवटाला आला होता. पानावर भाताचा पिंड ठेवून सगळे मागे सरकले. खाडीवर एरवी कावळ्यांना तोटा नसतो. समोरच्या कांदळवनावर पाच-सहा बसलेही होते. पण एकही खाली येईना. सेक्रेटरी माझ्या कानाशी म्हणाले, "कावळा शिवला पाहिजे. नाही शिवला तर माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं. मग घरच्यांनी शब्द द्यायचा."

मुलगा हात जोडून म्हणाला, "आईला नीट सांभाळीन." कावळे बसून होते. आबांची मुलगी रडत म्हणाली, आपलं शिक्षण पुरं करीन. भाऊ म्हणाला, घरात भांडण होऊ देणार नाही. बाजारातला एक जण म्हणाला, पोराला काट्यावर लावून घेऊ. ऊन चढलं. एक कावळा जवळ आला, पिंडाभोवती दोनदा उड्या मारून परत गेला. भटजी घड्याळाकडे बघून दर्भाचा कावळा करायला दर्भ निवडू लागले. तेव्हा आबांची बायको, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "शनवारचं कोन तरी बोला." आणि तिने आमच्या ओळीकडे पाहिलं. मुलाने सांगितलं, दवाखान्यातही ते एवढंच म्हणत होते, शनवारी माझी जागा रिकामी राहील.

आमचे सात जण माझ्याकडे बघायला लागले. हज्जान बघत नव्हते. ते मुद्दाम खाडीकडे बघत होते, माझ्यावर भार येऊ नये म्हणून. ते त्यांनी केलं नसतं तर कदाचित मी सुटलो असतो.

या सगळ्यावर माझा विश्वास नाही. आमच्या धर्मात कावळा येत नाही. शिवाय खिशातल्या फोनमध्ये गुरुवारचं तिकीट होतं. दिल्लीला विचारल्याशिवाय मी आयुष्यात कोणाला शब्द दिला नव्हता. मुलीलाही नाही, तिलासुद्धा मी "बघतो" असंच म्हणत आलो. मी चपला काढल्या, पुढे गेलो आणि वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावला, तो करायचा तसा.

"आबा," मी म्हणालो, "शनिवारची तुमची जागा मी रिकामी ठेवणार नाही."

मी नीट मागेही सरकलो नव्हतो. पंखांचा वारा माझ्या हाताला लागला. बायकांमध्ये रडण्याचा आवाज उठला, भटजींनी दर्भ खाली ठेवला. मुलाने येऊन माझे दोन्ही हात धरले. "काका, बाबा सुटले," तो म्हणाला.

परत गाडीत बसलो तर मुलीचा फोन. स्पीकरवरच लागला. सेक्रेटरींनी काच खाली करून बाहेर बघायला सुरुवात केली.

"बाबा, बॅग भरली का? कुठे आहात?"

"दहाव्याला आलोय."

"पण आज मंगळवार आहे ना?"

"हो."

राजदूताची मुलगी आहे, कुठे काय ठरलं ते तिला आवाजावरून कळतं. "तुम्ही कुणालातरी शब्द दिलात," ती म्हणाली. "या वेळी कुणाच्या वतीने?"

"माझ्या," मी म्हणालो. "माझ्या स्वतःच्या."

मग ती म्हणाली, "बरं. मग त्या खोलीतलं कॅलेंडर मी काढते."

मी राहू दे म्हणालो नाही.